धरसोड माणसाला प्राचीन ग्रीकमध्ये नेमकं काय म्हणायचे?

कोरा_कागद
मंडळी, गेली तीन वर्षं आम्ही सहा-सात जण दर रविवारी ऑनलाइन जमून प्राचीन ग्रीक वाचतो, कोश उघडा ठेवून, एकेका ओळीला अर्धा तास देत. सध्या ग्रीक इतिहासकार झेनोफोन चालू आहे आणि प्रत्येकाने एक उतारा मराठीत करून आणायचाय. माझ्या वाट्याला थेरामेनीसचा शेवट आलाय. इ.स.पू. ४०४ ला अथेन्स स्पार्टापुढे हरलं, तीस जणांची राजवट बसली, आणि त्यातला म्होरक्या क्रितियास आपल्याच जोडीदारावर म्हणजे थेरामेनीसवर उलटला. भर सभेत तो म्हणतो, याला लोक 'कोथोर्नोस' म्हणतात ते उगीच नाही. कोथोर्नोस म्हणजे पोटरीपर्यंत येणारा सैल बूट, त्याला डावा-उजवा नसतो, कुठल्याही पायात जातो. थेरामेनीस ४११ मध्ये चारशे जणांच्या राजवटीत होता, मग तीच पाडायला पुढे, मग या तिसांत, आणि आता तिसांच्याच अतिरेकाला आडवा येत होता.

तर पहिला प्रश्न, कोथोर्नोसला मराठीत काय लिहू? 'दलबदलू' लिहिलं तर अर्थ पोचतो पण बूट हरवतो.

दुसरा मोठा प्रश्न. आपल्याकडे 'चंचल' म्हटलं की काम भागतं. ग्रीकमध्ये असा एकच शब्द हाताला लागत नाहीये. शोधायला बसलो तर आठ-नऊ सापडले आणि त्यातले बरेच एखाद्या वस्तूतून नाहीतर प्राण्यातून आलेले, बूट, सामुद्रधुनी, सरडा, पक्षी. माझं मत असं होत चाललंय की हा शब्द कुणी, कुणाला, कधी म्हटला ते बघितल्याशिवाय त्याचा अर्थच लावता येत नाही. तुम्हाला काय वाटतं?

नुसता_वाचक
आयाराम-गयाराम लिहा. १९६७ पासून सगळ्या भारताला कळतो.

कोरा_कागद
@नुसता_वाचक कळतो खरा, पण वाचक लगेच हरियाणाच्या विधानसभेत जाऊन बसेल, त्याला अथेन्समध्ये ठेवायचंय मला :)

शब्दवेडी
मस्त धागा! वाखूसा (वाचनखूण साठवली).
माझ्याकडून एक शब्द, आस्तातोस. हा तर आपल्या घरातलाच वाटतो. सुरुवातीचा 'आ' ऱ्हस्व, आपल्या नकारार्थी 'अ'सारखाच, आणि पुढे 'स्ता' म्हणजे उभं राहणे, म्हणजेच आपला 'स्था'. आस्तातोस = अस्थित, अस्थिर. याचा एक मोठा भाऊ पण आहे, आकातास्तातोस. आणि हा शब्द अजून जिवंत आहे बरं का, आजच्या ग्रीसमध्ये हवामानाच्या बातम्यांत आज ऊन-उद्या पाऊस असेल तर 'आस्तातोस केरोस' म्हणतात. १९४० मध्ये जे मूलद्रव्य तयार केलं त्यालाही नाव यावरूनच, ॲस्टॅटिन, त्याचा सगळ्यात टिकाऊ प्रकारसुद्धा साधारण आठ तासांत निम्मा होतो.
याच्या उलट शब्द बेबाइओस, म्हणजे पक्का, भरवशाचा. तो 'पाऊल टाकणे' या धातूतून आलाय, आणि तो धातू आपल्या 'गम्'चा सख्खा. जिथे पाऊल टाकलं की जमीन हलत नाही ते बेबाइओस.

चंद्रभागाकाठ
म्हणजे शेवटी संस्कृतातूनच गेलं ना सगळं तिकडे.

शब्दवेडी
@चंद्रभागाकाठ नाही हो दादा. दोघी एका आईच्या लेकी आहेत. दोन बहिणींची नाकं सारखी असली म्हणून एक दुसरीची आई होत नाही ना.

चंद्रभागाकाठ
बरं, पटलं. उदाहरण आवडलं.

ऱ्हाईनकाठची
कोरा_कागद, तुम्ही सामुद्रधुनी म्हणालात ती एव्रिपोसच ना? मी ती बघितलीये!! दोन वर्षांपूर्वी आम्ही चार जणींनी मिळून शिडाची बोट घेतली होती (चालवणारा ग्रीक होता, आम्ही दोऱ्या ओढायला). एव्हिया बेट आणि मुख्य जमीन यांच्यामध्ये खाल्किसजवळ समुद्र इतका अरुंद होतो की जेमतेम ४० मीटर, पलीकडच्या माणसाला हाक मारावी. त्यावर एक पूल आहे तो दोन्हीकडून रस्त्याखाली सरकतो आणि बोटी जातात, पण कधीही नाही, पाणी थांबलं की मगच. आम्ही धक्क्याला बोट बांधून रात्री बारापर्यंत बसलो होतो. पुलाखालून पाणी नदीसारखं धावत होतं, भोवरे दिसत होते दिव्यांच्या उजेडात. मग हळूहळू मंदावलं. एक प्लास्टिकची बाटली वाहत येत होती ती पुलाच्या अलीकडे येऊन चक्क थांबली. जागच्या जागी गोल फिरली. आणि थोड्या वेळाने आली त्याच दिशेला परत निघाली. मी आयुष्यात समुद्राला असं मत बदलताना पाहिलं नव्हतं.
आमचा बोटवाला म्हणाला की जुने लोक म्हणायचे दिवसातून सात वेळा दिशा बदलते. प्रत्यक्षात एरवी चार वेळा, साधारण सहा-सहा तासांनी, पण महिन्यातले काही दिवस असे येतात की कशाचा मेळ राहत नाही, दिवसात कितीही वेळा फिरते.

खाडीकाठ
@ऱ्हाईनकाठची ते काही दिवस म्हणजे अष्टमीच्या आसपासचे असणार बघा. आमच्याकडे त्याला भांग म्हणतात. पुनव-अवसेला उधाण, अष्टमीला भांग. भांगाच्या भरतीला पाण्यात जोरच नसतो. आता एवढी चिंचोळी वाट, दोन्हीकडून पाणी येणार, आणि भरतीच दुबळी असली की मग वारा आणि इतर सटरफटर कारणं पाण्याला इकडे तिकडे ढकलत असणार. माझा तर्क आहे, पण खाडीवर जन्म गेलाय.

कोरा_कागद
@खाडीकाठ अगदी बरोबर, बेताल दिवस चंद्र अर्धा असतो तेव्हाचेच. धन्यवाद, 'भांग' हा शब्द मला माहीतच नव्हता.
आणि @ऱ्हाईनकाठची, ती बाटली मी विसरणार नाही. ग्रीकांनी या पाण्यावरून माणसालाच 'एव्रिपोस' म्हणायला सुरुवात केली. वक्ता एस्किनीस खाल्किसच्याच कालियासबद्दल म्हणतो की हा ज्या एव्रिपोसच्या काठी राहतो त्याच्यापेक्षाही जास्त वेळा वळला. प्लेटोकडे सॉक्रेटिस सांगतो, वाद घालण्यातच आयुष्य काढलेल्या लोकांना शेवटी वाटायला लागतं की जगात काहीच पक्कं नाही, सगळं एव्रिपोसमधल्यासारखं वर-खाली होतंय. आणि ॲरिस्टॉटल म्हणतो की चांगल्या माणसांच्या इच्छा एका जागी राहतात, एव्रिपोससारख्या मागे-पुढे वाहत नाहीत.

तिरपा_डोळा
याच ॲरिस्टॉटलने ते पाणी का फिरतं हे कळेना म्हणून त्यात उडी मारून जीव दिला ना? शाळेत सरांनी सांगितलं होतं.

शब्दवेडी
@तिरपा_डोळा तो खाल्किसला वारला हे खरं, इ.स.पू. ३२२. तिथे त्याच्या आईकडची मालमत्ता होती, अथेन्समध्ये राहणं धोक्याचं झालं म्हणून गेला होता. उडीची गोष्ट नंतरच्या लोकांनी रचलेली. पण गोष्ट का रचली असेल ते ऱ्हाईनकाठचीने लिहिलेलं वाचून कळतं मला.

कोल्हापुरी_पायताण
धागा वाचतोय. बुटावर बोला की कुणीतरी, पाण्यातच अडकलाय सगळे.

शब्दवेडी
येऊ बुटावर. आधी माझा सगळ्यात लाडका शब्द, पोइकिलोस. याचा मूळ अर्थ रंगीबेरंगी, नक्षीचा, ठिपक्यांचा. बिबट्याचं कातडं पोइकिलोस, भरतकाम केलेलं वस्त्र पोइकिलोस, सापाची पाठ पोइकिलोस. अथेन्समध्ये जो चित्रांचा ओवरीसारखा मंडप होता तो स्तोआ पोइकिले, तिथे बसून शिकवायचे म्हणून स्टोइक हे नाव पडलं, म्हणजे जगातले सगळ्यात न ढळणारे तत्त्वज्ञ रंगीबेरंगी मंडपातून निघाले. वेदात 'पेशस्' शब्द आहे, सजावट, जरीकाम, तो याच मुळाचा. मग हाच शब्द माणसाच्या स्वभावाला लागला की अर्थ होतो अनेकपदरी, आणि बोलणाऱ्याला राग असेल तर कावेबाज, एका रंगावर न टिकणारा. प्लेटो लोकशाहीला पोइकिलोस वस्त्र म्हणतो, बायका-मुलांना जशी रंगीत कापडं आवडतात तशी ही लोकांना आवडते म्हणतो. मला ते वाक्य कधीच आवडलं नाही.
दुसरा आयोलोस. पोइकिलोसमध्ये रंग जागच्या जागी असतात, आयोलोसमध्ये ते हलतात. चमकणं आणि हलणं एकदम. धूपछाव पैठणी नेसून बाई वळली की पदराचा रंग मोरपिशी होतो आणि परत जांभळा, ते आयोलोस. हेक्टरच्या शिरस्त्राणाला होमर हेच म्हणतो. आणि वाऱ्यांचा राखणदार आयोलोस तोही याच नावाचा.

खाडीकाठ
@शब्दवेडी तुमच्या या आयोलोसला आमच्याकडे माकूल (स्क्विड) बघायला या. रापणीत आलेलं ताजं माकूल हातात घेतलं ना की त्याच्या अंगावर तांबूस ठिपके एकदम फुटतात, मिटतात, परत फुटतात, जसं कातडीखालून कुणी शाई सोडतंय. बोट लावाल तिथून लाट पळत जाते. जीव गेला की पांढरं पडतं. लहानपणी मी ते बघत बसायचो आणि आई ओरडायची की टोपलीत टाक आधी.

कोरा_कागद
खाडीकाठ, काय लिहिलंत! आणि हे ग्रीकांनीही बघितलं होतं. थिओग्निस नावाचा कवी सांगतो, मित्रांमध्ये वागताना स्वभाव पोइकिलोस ठेव, ऑक्टोपससारखा हो, तो ज्या खडकाला चिकटतो तसाच दिसतो. म्हणजे तिथे तो सल्ला आहे, शिवी नाही! हेच मी म्हणत होतो. ओडिसीच्या पहिल्याच ओळीत नायकाला पोलुत्रोपोस म्हटलंय, बहुवळणी, अनेक वळणं घेणारा. तो गौरव की टोमणा यावर प्लेटोने एक अख्खा संवाद लिहिलाय, त्यात हिप्पियास सांगतो की अकिलीस साधा-सरळ आणि ओडिसियस बहुवळणी, आणि सॉक्रेटिस त्याला उलटसुलट प्रश्न विचारून हैराण करतो.

अभ्यास_चालू
चंचल म्हटलं की बायकाच आठवत असतील ना त्या लोकांना? सेमोनिदीसची कविता आहे, एक बाई समुद्रापासून बनवलेली, एक दिवस हसते, दुसऱ्या दिवशी जवळ जाववत नाही.

वैशाखवणवा
@अभ्यास_चालू कविता आहे, नाकारत नाही. पण तुम्ही या धाग्यातलीच नावं मोजा. बूट कुणाला म्हटलं, थेरामेनीसला. एव्रिपोस, कालियासला. सरडा, अथेन्सचा पुढारी ॲल्सिबायडीसला, चरित्रकार प्लुटार्क लिहितो की हा सरड्याच्या वर, कारण सरड्याला पांढरा रंग जमत नाही, याला सगळे जमायचे, स्पार्टात गेला तर थंड पाण्याने अंघोळ आणि काळा रस्सा, थ्रेसमध्ये गेला तर दारू, पर्शियन सुभेदाराकडे गेला तर त्याच्याहून जास्त थाट. आणि इलियडमध्ये 'अल्लोप्रोसाल्लोस' हा जो भन्नाट शब्द आहे, शब्दशः 'एकाकडून दुसऱ्याकडे', तो कुणाला? प्रत्यक्ष युद्धदेव एरीसला. अथीना त्याच्याबद्दल म्हणते, परवा मला वचन दिलं ग्रीकांच्या बाजूने लढीन आणि आज ट्रोजनांकडे उभा. सगळे पुरुष. ॲरिस्टोफेनीसच्या 'पक्षी' नाटकातला 'आस्ताथ्मेतोस', जो तराजूत ठरत नाही, उडत राहणारा पक्षी, तोही पुरुषच. तेव्हा 'बायकाच' हा भाग सोडून द्या कृपया.

अभ्यास_चालू
मान्य. मी एका कवितेवरून बोललो, ही यादी डोक्यात नव्हती.

शब्दवेडी
वैशाखवणवा +१००. भर घालते, वक्ता डेमोस्थेनीसच्या एका भाषणात हाच आस्ताथ्मेतोस शब्द अख्ख्या जनतेला लागतो, तमभावात. सगळ्यात भरवसा नसलेली गोष्ट म्हणजे लोक, समुद्रावरच्या वाऱ्यासारखे.

मास्तर_निवृत्त
उशिरा आलो, सगळं वाचलं. मी शाळेत इतिहास शिकवला त्यामुळे मला शब्दापेक्षा प्रसंग आठवतो. जनता बदलते हे वाईटच, असं गृहीत धरलं जातंय, त्यावर थोडं.

इ.स.पू. ४२७. मितिलीनी शहराने अथेन्सविरुद्ध बंड केलं, ते मोडलं. अथेन्सच्या सभेने रागाच्या भरात ठराव केला, तिथले सगळे मोठे पुरुष मारा, बायका-मुलं गुलाम करा. हुकूम घेऊन जहाज निघालं. दुसऱ्या दिवशी सकाळी लोकांना चैन पडेना. इतिहासकार थुसिडिडीसने तिथे शब्द वापरलाय मेतानोइआ, मागाहून आलेला विचार. परत सभा. क्लेओन नावाचा पुढारी उभा राहून म्हणतो, मी तोच आहे, माझं मत बदललेलं नाही, तुम्ही मात्र एका दिवसात बदलता. ते कौतुकाने सांगतोय तो. थोडक्या मतांनी ठराव फिरला आणि दुसरं जहाज सोडलं. पहिलं जवळजवळ एक दिवस-रात्र पुढे. या दुसऱ्या जहाजावरची माणसं वल्ही न सोडता जेवली, जवाचं पीठ दारूत आणि तेलात कालवून, आळीपाळीने झोपली, बाकीचे ओढत राहिले. पहिल्या जहाजाला वाईट कामाची घाई नव्हती, ते रमतगमत गेलं. सेनापती पाखेसने हुकूम वाचला होता, अंमल करायला निघणार, एवढ्यात दुसरं बंदरात शिरलं. तरी बंडाचे म्हणून हजाराहून थोडे जास्त लोक नंतर मारलेच, तेही सांगायला हवं. पण शहर राहिलं.

हे मी वर्गात शिकवायचो तेव्हा मला आमचे आजोबा आठवायचे. दुष्काळी वर्षात त्यांनी जोडीतला एक बैल विकायला बाजाराला धाडला, शेजाऱ्याबरोबर, संध्याकाळी. रात्रभर माळवदावर येरझाऱ्या घातल्या. पहाटे वडिलांना उठवून सायकलवर पिटाळलं, अठरा किलोमीटर, बैल परत आण. वडील पोचले तेव्हा गिऱ्हाइकाने दोरी हातात घेतली होती. पैसे परत केले, वर शिव्या खाल्ल्या. गावात आजोबांना धरसोड्या म्हणायचे ते त्या दिवसापासून. तो बैल पुढे सात वर्षं आमच्या दावणीला होता.

ऱ्हाईनकाठची
मास्तर... डोळ्यांत पाणी आणलंत.

नुसता_वाचक
मास्तर, नमस्कार. मी आयाराम-गयाराम मागे घेतो.

कोरा_कागद
मास्तर, याच्यापुढे काय बोलणार. क्लेओनचं 'मी तोच आहे' मी अनेकदा वाचलंय, पण त्याच्या शेजारी ते पीठ कालवून खाणारे वल्हेकरी ठेवून कधी बघितलं नव्हतं.
एक शब्द राहिला होता तो टाकतो, पालिम्बोलोस. उलट फेकलेला, परत परत हात बदललेला. एकाने विकला, दुसऱ्याने विकला अशा गुलामालाही हाच शब्द. प्लेटो म्हणतो, शहर समुद्राजवळ असणं रोजच्यासाठी गोड, पण खरं तर तो खारट-कडू शेजार आहे, व्यापार आणि दुकानदारी भरते आणि माणसांचे स्वभाव पालिम्बोलोस होतात, बेभरवशाचे.

खाडीकाठ
यावर मात्र माझी हरकत नोंदवा. समुद्राकाठचा माणूस पाण्याबरोबर वेळ बदलतो, शब्द नाही. आमच्याकडे होडी कधी सुटणार हे रोज वेगळं असतं, पण सोबतीला येतो म्हटलेला खलाशी रात्री दोनलाही धक्क्यावर असतो. प्लेटोला डोंगरावरच्या माणसाने सांगितलं असणार.

वैशाखवणवा
खाडीकाठ यांना पूर्ण अनुमोदन. आणि गुलामाबद्दल, त्याला विकणारे दुसरेच आणि बेभरवशाचा तो, हे किती अन्यायाचं आहे!

कोल्हापुरी_पायताण
आता बूट?

शब्दवेडी
हो आता बूट :) मला 'तळ्यात-मळ्यात' सुचतंय. खेळ सगळ्यांना माहीत, चटकन कळतो.

अभ्यास_चालू
किंवा दोन डगरींवर पाय?

मास्तर_निवृत्त
दोन्ही चांगले, पण कोरा_कागद, पुढचं भाषण आठवा. थेरामेनीस उत्तर देताना तोच शब्द उचलतो. म्हणतो, दोघांनाही बसायला बघतो म्हणून हा मला कोथोर्नोस म्हणतो, मग जो कुणालाच बसत नाही त्याला देवाशप्पथ काय म्हणायचं? तळ्यात-मळ्यात घेतलं तर हे उलटवता येणार नाही. पायात घालायची वस्तूच पाहिजे. त्याने त्या भाषणाने सभा जिंकली होती, म्हणून तर क्रितियासने त्याचं नाव, ज्यांना सभेच्या मताशिवाय मारता येत नव्हतं त्या नागरिकांच्या यादीतून खोडलं, त्याला वेदीवरून ओढून नेलं आणि विष पाजलं. ॲरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या अथेन्सच्या राज्यव्यवस्थेच्या पुस्तकात त्याची बाजू घेतलीये, की हा सगळ्या राजवटी मोडत नव्हता, कायद्याने चालत होत्या तोवर प्रत्येकीत काम करत होता.

कोरा_कागद
मास्तर, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं, दोन ओळी वेगवेगळ्या करत होतो मी. 'जोडा' म्हणू का मग? पण जोडा म्हटलं की दोन होतात, कोथोर्नोस एकटा आहे.

कोल्हापुरी_पायताण
म्हणून तर मघापासून बोंबलतोय. पायताण म्हणा. एकालाही पायताण, जोडीलाही पायताण. आणि भर सभेत माणसाला पायताण म्हटलं की काय होतं ते आमच्याकडे येऊन बघा, शब्दाला धार हाय.

शब्दवेडी
अरे वा!! हाच. शंभर टक्के हाच.

कोरा_कागद
ठरलं. असं केलंय बघा:

क्रितियास: "याला कोथोर्नोस म्हणतात, कुठल्याही पायात जाणारं पायताण."
थेरामेनीस: "दोघांच्या पायांत बसायला बघतो म्हणून हा मला पायताण म्हणतो. मग जे कुणाच्याच पायात बसत नाही, त्याला देवाशप्पथ काय म्हणायचं?"

रविवारी वाचतो. कोल्हापुरी_पायताण, सकाळी साडेदहाला असतं, लिंक पाठवू का?

कोल्हापुरी_पायताण
पाठवा. ग्रीक येत नाही पण बसतो.